पँटला पुसलेला हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच हळहळू नका — मला दया-बिया नको. चौथी शिकलेला माणूस आहे, येतं तसं लिहितो.

मिल बंद पडली तेव्हा आम्ही गेटवर बसलो होतो, उन्हात. नामदेव माझ्या बाजूच्या मागावरचा, राहायलाही शेजारी. त्यानं सगळ्यांच्या आधी आत जाऊन राजीनाम्यावर सही ठोकली, हिशेबाचे पैसे उचलले. आम्ही बसलेलोच — आणि हा? घरावर मजला चढवायला निघाला!

तोवर मी सांवेर रोडला सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात रेती तपासायला लागलो होतो. तपासायची म्हणजे काय? ओली मूठ चोळायची, झटकायची, तळहात बघायचा. हात साफ तर रेती चांगली. हात मळला तर गाडी परत. माती दाण्याला चिकटून बसते, मग सिमेंट दाण्याला धरत नाही. वरून पक्कं, आतून भुसा.

नामदेवच्या दारात रेतीचा ट्रक आला. तो मला म्हणाला, "भिया, तू हात लाव, मगच उतरवतो." — माझ्यावर एवढा भरवसा! मी मूठ चोळली. तळहात पिवळा झाला. तो पँटला पुसला आणि म्हणालो, "एक नंबर आहे. उतरव."

चूक नव्हती ती. कळून केलं.

संध्याकाळी सुमननं, माझ्या बायकोनं, पँट धुताना डाग पाहिला. "रेती चांगली होती ना हो?" मी म्हणालो, हो. स्लॅब टाकायला अजून दोन दिवस होते. दोन दिवस! तोंड उघडायला किती लागतात?

तिसऱ्या वर्षी गॅलरी खाली आली — कपडे वाळत घालणाऱ्या नामदेवच्या बायकोला घेऊन. तिची कंबर मोडली, ती परत उभी राहिली नाही. सगळ्यांनी मिस्त्रीला शिव्या घातल्या. सगळ्यात मोठ्यानं मी.

सुमन रोज तिला अंघोळ घालायला जायची. वर्षानुवर्षं. त्या डागाबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही. विसरली होती? की समजून गेली होती — म्हणून जायची? मला विचारायची हिंमत झाली नाही. आता ती नाही.

सुमनच्या तेराव्याला नामदेव माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मी खांबासारखा उभा.

रेतीत माती होती. मला दिसली होती.