तासभर हॅलो

वडिलांच्या निरोप समारंभासाठी मी वायरलेस माईक विकत आणला, त्याचा रिसीव्हर चालू केला नाही आणि जवळजवळ एक तास त्या माईकमध्ये बोलत राहिलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोवर आमच्या भागात माईक म्हटला की त्याला शेपूट असायचंच. बोलणाऱ्याच्या मागे वायर, आणि वायरीच्या मागे ती खुर्च्यांच्या पायांतून सोडवणारा एक वैतागलेला माणूस. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहायचो. तिथे सोसायटीच्या दोन पूजा आणि एका शाळेचं गॅदरिंग एवढ्यांत निवेदन करून मी स्वतःला निवेदक समजायला लागलो होतो. शेपूट नसलेला माईक हातात धरून स्टेजभर फिरायचं, हे माझं त्या काळातलं सर्वोच्च स्वप्न होतं. बाकी स्वप्नं आईने आधीच मोडीत काढली होती.

संधी मिळाली ती वडिलांमुळे. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेसखात्यात, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर होते. तिथली रीत अशी की रिटायर होणाऱ्याला मॅनेजरसाहेब शाल, नारळ आणि मनगटी घड्याळ देतात, साहेबच बोलतात, रिटायर होणारा हात जोडतो आणि सगळे बटाटेवड्याकडे वळतात. त्याने बोलायचं नसतं. आणि आमचे वडील म्हणजे आठवड्याला घरात दहा वाक्यं बोलणारे, त्यातली सहा नळाच्या पाण्याबद्दल. पण महिनाभर आधी त्यांनी जेवताना जाहीर केलं, "मी बोलणार आहे."

आईचा हात भाजीच्या पळीसकट हवेत राहिला. "काय बोलणार?"

"पालेगावच्या भाऊला सांगायचंय. सगळ्यांसमोर."

पालेगावचे भाऊ, म्हणजे आम्ही ज्यांना काका म्हणायचो ते, वडिलांच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं होते. घरची भातशेती, सकाळी शेत, दुपारी पाळी, आणि डब्यात कायम सुकटीची चटणी. काय सांगायचंय ते वडील सांगेनात. त्यांनी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे काहीतरी लिहिलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून ते वाचायला लागले. आम्हाला नळच ऐकू यायचा.

समारंभाचा हॉल काकांनीच ठरवला, पालेगावात, त्यांच्या घराला लागून. कारण रिटायरमेंट महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि नेमकी त्याच संध्याकाळी काकांच्या मुलीची हळद. काका म्हणाले, "मधी भिंत तं हाय एक. मी दोनीकडं उभा ऱ्हातो."

वडील म्हणाले, "तू समोर असशील तरच बोलेन." मग माझ्याकडे वळून, "उभं राहून नाही जमणार मला. बसून बोलेन. हातात धरायचा माईक मिळतो का?"

हा प्रश्न ऐकून मी दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला पळालो.

दुकानदार सिंधी, हसतमुख, आणि त्याच्या मागे छतापर्यंत खोकी. त्याने काळा, गळ्यात लाल पट्टी असलेला माईक काढला, सोबत डब्याएवढा रिसीव्हर आणि त्याची ओढून लांब करायची एरियल. "साईं, एकदम चालू माल है. पिछले हफ्ते पालेगाव में भी यही पीस दिया, शादीवाला घर था."

"और फ्रिक्वेन्सी?" मी विचारलं. हा शब्द मी आदल्या दिवशीच शिकलो होतो.

"सब का एक ही. टेन्शन ही नहीं."

सगळ्यांना सारखं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मला तर हे फार न्यायाचं वाटलं. मी आनंदाने पिशवी उचलली. पालेगावात लग्नघर एकच होतं आणि ते हॉलला चिकटून होतं, हे दोन अधिक दोन मला उल्हासनगरपासून पालेगावपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात जमलं नाही.

समारंभ पाचला. मी चारलाच हॉलवर हजर, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. रिसीव्हर टेबलावर मांडला, एरियल छतापर्यंत ताणली, त्याची वायर हॉलच्या अँप्लिफायरमध्ये खोचली. चौकोनी सेल जिभेला लावून पाहिला, झिणझिण्या आल्या, म्हणजे ताजा. तो माईकमध्ये बसवला. बटण सरकवलं. लाल दिवा लागला. रिसीव्हरलाही एक बटण होतं, पण ते मागच्या बाजूला होतं, आणि मागच्या बाजूला पाहण्याइतका मी नम्र नव्हतो.

"हॅलो."

आमचा स्पीकर गप्प.

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग."

आमचा स्पीकर गप्पच. पण भिंतीपलीकडच्या हळदीच्या मांडवातून, चिंचेला बांधलेल्या भोंग्यातून, कुणीतरी म्हणालं, "माईक टेस्टिंग."

मला वाटलं, त्यांचंही टेस्टिंग चाललंय. चालायचंच. मी वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. "हॅलो, एक, दोन, तीन." भोंगा म्हणाला, "एक, दोन, तीन." मी पुढे होतो, पण तो फार मागे नव्हता. मी चार म्हटलं की तो चार. पलीकडे बायका खिदळायला लागल्या. माझी खात्री पटली की मांडवातला कुणी टवाळ मला ऐकून माझी नक्कल करतोय.

"ए, कोण आहे रे तिकडे?" मी माईकमध्येच ओरडलो. हातात माईक असला की माणूस शिंकसुद्धा त्यातच देतो.

"कोण आहे रे तिकडे?" भोंगा.

"लाज नाही वाटत?"

"लाज नाही वाटत?"

पलीकडे हशा. त्या मूर्खाला सगळे हसतायत म्हणून मीही हसलो. तेही पलीकडे ऐकू गेलं असणार.

मग मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. स्पीकर तर बोलत नाही, म्हणजे आपलं कुणी ऐकत नाही, मग तेवढ्यात सराव करू. मी सिनेमातलं एक गाणं म्हटलं, वरच्या पट्टीत. मला गाता येत नाही ही बातमी तोवर माझ्यापर्यंत पोचलेली नव्हती. मग निवेदनाची तालीम केली: "आणि आता आपल्यासमोर येत आहेत आदरणीय मॅनेजरसाहेब, ज्यांचं भाषण सुरू झालं की माणूस रिटायर व्हायच्या आधी पेंगतो." मग इकडची बशी पाहिली, तिकडचा वास घेतला आणि मनातलं बोललो, "इथे दोन वेफर्स आणि एक वडा. तिकडे मटण शिजतंय. कार्यक्रम आटपला की मी गुपचूप पंगतीत घुसणार. नळी ठेवा रे माझ्यासाठी."

पलीकडे टाळ्या पडल्या. मी विचारही केला नाही की कशाला.

पाचला पाच कमी असताना काका आले. खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मुलीच्या लग्नामुळे भरून आलंय. ते टेबलामागे गेले, खट्‌ आवाज झाला, रिसीव्हरचा हिरवा दिवा लागला.

"आता इकडं पन बोल," एवढंच कसंबसं म्हणून, पोट धरून ते परत मांडवात गेले.

मी म्हटलं, "हॅलो," आणि हॉल दुमदुमला. मला एवढा आनंद झाला की काका 'पण' का म्हणाले हा प्रश्न मागेच राहिला.

समारंभ सुरू झाला. प्रेसखात्यातली साठ-सत्तर माणसं, बरीचशी मशीनमुळे अर्धी बहिरी, पुढच्या खुर्च्यांसाठी भांडत बसली. मी शेपूट नसलेला माईक घेऊन गरज नसताना तीन फेऱ्या मारल्या. वडील खुर्चीच्या कडेला, हात सारखा खिशातल्या कागदावर. काका दारात उभे, एक पाय हॉलमध्ये, एक पाय गल्लीत. मॅनेजरसाहेब बोलले, माणसं पेंगली. साहेब शाल घ्यायला वळले तसा मी त्यांच्या हातून माईक घेतला आणि, सेल वाचावा म्हणून, बंद केला.

तत्क्षणी आमच्या स्पीकरमधून एक खणखणीत बाई गायला लागली.

ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून सगळे विधी गाऊन करवून घेणारी म्हातारी. तिला नवरीभोवती फिरत गाता यावं म्हणून काकांनी खास माईक आणला होता. काळा. लाल पट्टीचा. एकाच दुकानाचा, एकाच फ्रिक्वेन्सीचा. आमचा माईक बंद झाला तसा आमच्या रिसीव्हरने तिचा धरला. इकडे साहेब शाल उलगडतायत आणि स्पीकर गातोय: बस गं बाय पाटावरी, लाजू नको, हळद लागू दे. वडील शाल पांघरून मान खाली घालून उभे. लाजल्यासारखेच दिसत होते. साहेबांनी नारळ दिला, बाईने नवरीच्या रूपाचं वर्णन केलं. पहिल्या रांगेतल्या एका फिटरने शिट्टी मारली. पेंगलेली माणसं उठून ताल धरायला लागली.

मी झेप घेतली आणि रिसीव्हर बंद केला. गाणं थांबलं. म्हणजे भिंतीपलीकडे चालू राहिलं, पण आमचं थांबलं. माझ्या प्रसंगावधानाने मी स्वतःच भारावून गेलो. तेवढ्यात वडिलांनी हात पुढे केला. मी ऐटीत माईकचं बटण सरकवून तो त्यांच्या हातात दिला.

रिसीव्हर बंदच होता. होय. दुसऱ्यांदा.

वडिलांनी दाराकडे पाहिलं. दार रिकामं. काकांना हळद लावायला बोलावून नेलं होतं. बापाने लावल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. वडिलांचा चेहरा पडला. कागद उघडला, मिटला. आता नाही बोलत, असं ते मला डोळ्यांनीच म्हणाले. मी बावळटासारखं दोन्ही हातांनी 'बोला, बोला' केलं. एक महिना नळाखाली पाठ केलेलं, ज्याच्यासाठी केलं तोच समोर नाही. तरी ते खुर्चीत बसले आणि माईक तोंडाशी धरून हळू आवाजात बोलायला लागले.

हॉलमध्ये काही ऐकू येईना. शेवटच्या रांगेतून आरोळी आली, "आवाज! आवाज!" मी स्पीकरला थापट्या मारत होतो. आणि मग खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "गप बसा रे. हे बघा, इकडून येतंय."

धवलारणीने चहासाठी माईक बंद केला होता. आमच्या हॉलमधला माणूस आम्हाला चिंचेवरच्या भोंग्यातून ऐकू येत होता. साठ-सत्तर माणसं, साहेबांसकट, खिडक्यांना लटकली. वडिलांना काही पत्ता नाही. ते कागदात बघून बोलत होते.

"मला बोलता येत नाही," भोंगा म्हणाला, वडिलांच्या आवाजात. "एकच सांगायचंय. बावीस वर्षांपूर्वी माझा हा हात प्रेसखाली गेला होता. भाऊने मला कॉलरला धरून मागे ओढलं. हात वाचला. शर्ट फाटला. शर्ट नवा होता. मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याने डबा उघडून मला चटणी दिली. आभार मानायचे तेव्हा राहिले. मग रोज वाटायचं, उद्या मानू. आता उद्या कामावर यायचं नाही. म्हणून आज. भाऊ, हा माईक मी त्याच हाताने धरलाय. पाचही बोटं आहेत."

वडिलांनी कागदाची घडी केली. खोल श्वास घेऊन पुढे पाहिलं, तर समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि खिडक्यांत साठ पाठी. बिचारे माझ्याकडे वळले. "एवढं वाईट झालं का रे?"

तेवढ्यात गल्लीतून आधी आवाज आला, मग माणसं. काका सगळ्यांच्या पुढे, कोपरापर्यंत पिवळे. त्यांनी वडिलांना खुर्चीसकट मिठी मारली. "आरं, तो शर्ट जुनाच व्हता! मी बघितलेला, काखेत उसवलेला!"

"नवा होता," वडील त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाले.

"जुना!"

"नवा!"

दोघंही रडत होते आणि दोघंही शर्टावर ठाम होते. मागून हळदीच्या सगळ्या बायका आल्या, वाट्यांसकट. रिटायर झालेला माणूस, शाल, नारळ, घड्याळ, पाच मिनिटांत सगळं पिवळं. मॅनेजरसाहेबांच्या टायलाही लागली. साहेबांनी चक्क स्वतःहून दुसरा गाल पुढे केला. फिटरने हॉलमधले वडे मांडवात नेले आणि मांडवातलं मटण हॉलमध्ये आणलं. मी मधोमध उभा. रिसीव्हर बंद ठेवण्यात माझा काहीतरी खोल विचार होता, असं मला वाटायला लागलं होतं. मी तसं दोघा-तिघांना सांगायलाही सुरुवात केली.

तेवढ्यात धवलारीण समोर आली. चार फूट उंची, नऊवारी, हातात माझ्यासारखाच काळा माईक. तिने माझ्या ताटात आधी एक नळी ठेवली. म्हणजे भोंग्यातला तो टवाळ मीच होतो. मग तिने दोन्ही माईक शेजारी धरून पाहिले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, माईकशिवाय, म्हणाली,

"तुझा बापूस जन्मात एकदा बोलला, दोन मिनिटं, आन सगल्यांना रडवलान. तू घंटाभर बोललास, त्यात नळी सोडली तं एक गोष्ट कामाची नवती."