अठ्ठ्याऐंशी पायऱ्या

१४ डिसेंबर, सोमवार. सकाळी खोलीत अकरा अंश. नळाचं पाणी हाताला चावतं. लिफ्ट बंद पडून आज नववा दिवस. कंपनीचा माणूस शनिवारीच बघून गेला. सुटा भाग मार्चआधी मिळणार नाही म्हणाला. जिन्याच्या खिडकीत ऊन ११.१० ते ११.५०. शेजारचे लिफ्टमन भावोजी आज अकरा पायऱ्या उतरले आणि अकरा चढले. वर येऊन म्हणाले, "एक मजला झाला!" खरं तर अर्धाच झाला होता.

भावोजींना सगळी इमारत लिफ्टमन म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. बत्तीस वर्षं त्यांनी शहरातल्या एका आठमजली कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवली. चार फूट बाय चार फुटांचा डबा, कोपऱ्यात एक स्टूल आणि त्या स्टुलावर न बसण्याचा नियम. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता. "बसलेल्या माणसाला लोक नमस्कार करत नाहीत, वहिनी," ते म्हणायचे.

त्या डब्याच्या सवयी निवृत्तीनंतरही सुटल्या नव्हत्या. कुठल्याही खोलीत शिरले की दाराजवळच्या कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून उभे राहायचे. दुसरा बाहेर पडल्याशिवाय स्वतः पडायचे नाहीत. बोलणंसुद्धा एका मजल्यापुरतं असायचं. वाक्य सुरू झालं की आठ सेकंदांत संपलंच पाहिजे, कारण मग दार उघडणार आणि ऐकणारा उतरून जाणार. माझे यजमान होते तेव्हा त्यांना गप्पांचा भारी सोस. ते म्हणायचे, "या गृहस्थाशी बोलणं म्हणजे टेलिग्राम वाचण्यासारखं आहे."

आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर, समोरासमोर. त्यांची पत्नी माझ्या यजमानांच्या आधी दोन वर्षं गेली. डिसेंबरच्या सुरुवातीला लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून बसली. आत कुणाची तरी छत्री राहिली होती. जाळीच्या दारातून ती कोपऱ्यात टेकून उभी दिसायची. भावोजी म्हणाले, "तिलाही बसायची सवय नाही."

मी आठवड्यातून दोनदा, कठडा धरून, उतरत होते. भावोजींना ते जमत नव्हतं. बत्तीस वर्षं लोकांना वर-खाली नेणारा माणूस स्वतः जिना असा चढलाच नव्हता. "जिना म्हणजे आमच्या धंद्याचा दुश्मन. त्याच्याकडे कशाला बघायचं?" त्यात उभं राहून राहून गुडघे दोन्ही गेले होते, आणि थंडी पडली की ते आणखी कुरकुरायचे. नऊ दिवस ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत होते. भिंतीतून मला ऐकू यायचं. सोळा पावलं, मग वळण.

तेरा तारखेला, रविवारी, त्यांची लेक आली. ती नर्स. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दोन बस बदलून येते. रात्रपाळी करून आली होती. दोन पिशव्या घेऊन चार मजले चढताना तिच्या नाकी नऊ आले. माझ्या दारात पिशव्या टेकवून ती पहिल्यांदा माझ्याच खुर्चीवर बसली. भावोजीही आले आणि दाराजवळच्या आपल्या कोपऱ्यात उभे राहिले.

"बाबा, मार्चपर्यंत हे असं नाही चालणार. तुम्ही अडकलात."

"अडकण्याचं मला सांगतेस होय! एकदा पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये तीन तास होतो. सात माणसं आत. सगळे हसत बाहेर पडले."

"तेव्हा तुम्ही चाळिशीचे होता. आता रात्री छातीत दुखलं तर खाली कोण नेणार? काकू?"

"मी त्यांना नेईन," भावोजी म्हणाले.

लेक हसली नाही. तिने पर्समधून एक कागद काढला. तिच्या हॉस्पिटलच्या शेजारी वृद्धांसाठी एक संस्था आहे. तिथे एक खोली रिकामी होत होती. स्वच्छ, उबदार, तळमजल्यावर.

"तळमजला!" भावोजींनी कागदाला हातही लावला नाही. "जन्मभर लोकांना वर नेलं, आणि तू मला तळमजल्यावर सोडणार?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा ना!"

तेव्हा त्यांनी ते बोलून टाकलं. मला वाटतं, बोलेपर्यंत त्यांनाही ते माहीत नव्हतं. "एकतीस जानेवारीला ये. तुझ्या डोळ्यांदेखत फाटकापर्यंत उतरीन आणि परत चढून येईन, कुणाचा हात न धरता. जमलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर बॅग भरून ठेवलेली असेल."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही साक्षीदार. तुमच्या वहीत लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. मी नऊ वर्षांची असल्यापासून रोज लिहिते. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय. त्या म्हणायच्या, "जे घडलं ते लिहा. जे घडायला हवं होतं, ते प्रार्थनेसाठी राखून ठेवा."

मग आमचा दिवस ठरून गेला. सकाळी अंथरुणातच पावलं वीस वेळा वर-खाली. मग कोमट पाणी. मग स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलायच्या. दिवसभर उभं राहायच्या धंद्यात ही युक्ती त्यांनी शोधून काढली होती. मजले मोजत मोजत टाचा उचलायच्या आणि प्रवाशांना पत्ताही लागू द्यायचा नाही. मी पण त्यांच्याबरोबर उचलू लागले. आठव्या दिवशी माझ्या पोटऱ्यांत रात्री येणारे गोळे थांबले, तेही वहीत आहे. अकरा वाजता लोकरीचे दोन-दोन मोजे चढवून, वर बूट घालून, आम्ही जिन्याच्या खिडकीतल्या उन्हात जाऊन उभे राहायचो. पाठ शेकली, गुडघे जरा सैल झाले की उतरायला सुरुवात.

पायऱ्या एकूण अठ्ठ्याऐंशी. मजल्याला बावीस, अकरा झाल्या की वळण. दर वळणावर मी थांबून मोजायची, आणि दर मजल्यावर ते आपल्या जुन्या इमारतीची आरोळी द्यायचे.

"तिसरा मजला! दातांचे डॉक्टर, विमा, छत्रीदुरुस्ती! आधी उतरणाऱ्यांना वाट द्या!"

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक शिंपीण राहते. पहिल्या दिवशी तिने दार उघडून विचारलं, "छत्रीदुरुस्ती कुठेय? मला हवीय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज दात उपटून घ्यावा म्हणते." तिसऱ्या दिवशी ती वाटच बघत होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने आपली एक खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आणून ठेवली. भावोजी खुर्चीकडे पाहून म्हणाले, "ही वहिनींसाठी. मी ड्यूटीवर बसत नाही."

खोटं कशाला सांगू, त्या दीड महिन्याइतकं माझं घर कधी लहान वाटलं नव्हतं. चार भिंती, बंद खिडक्या, काचेवर वाफ. दुपारी चारलाच घरात अंधारून यायचं. पण अकरा वाजता दारावर टकटक व्हायची आणि बाहेरून आवाज यायचा, "खाली जाणारी! खाली जाणारी!" मी चष्मा शोधत उठायची.

२४ डिसेंबर: एक मजला. २ जानेवारी: दीड. ११ जानेवारी: दोन, आज लिफ्टमधल्या छत्रीला नमस्कार केला. १७ जानेवारी: तीन, वर येताना पाच ठिकाणी थांबले. लेकीचा फोन आला की ते एका वाक्यात सांगायचे, "तिसरा मजला पार, दार लावून घे."

बावीस जानेवारी, शुक्रवार. त्या दिवशी ते पहिल्यांदा फाटकापर्यंत गेले. सत्तेचाळीस दिवसांनी उघड्यावर. वारा बोचरा होता, तरी त्यांनी टोपी काढली आणि फाटकाची कडी हातात धरून उभे राहिले. रस्त्यावरून एक बाई दोन पिशव्या घेऊन चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. "वहिनी, लोक आडवे चालतात हे मी विसरलोच होतो."

चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. आणि शिंपिणीच्या खुर्चीवर बसले.

ते बसले हे पाहूनच मी घाबरले. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. ओठ निळसर. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून चार मिनिटं. शिंपिणीला हाक मारायला वळले, तर त्यांनी माझ्या शालीचं टोक धरलं.

"नको. जाईल हे आत्ता."

"भावोजी, मी लेकीला फोन करते."

"फोन केलात की मी तळमजल्यावर गेलो." मग श्वास घेऊन म्हणाले, "हे वहीत नको, वहिनी."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. "आधी श्वास घ्या," एवढंच म्हणाले. बारा चोवीसला ते उठले. वर आल्यावर मी माझी गरम पाण्याची रबरी पिशवी भरून त्यांना दिली. फोन केला नाही. संध्याकाळी मी टेबलाशी बसले आणि जे घडलं ते लिहिलं. घाम, ओठ, वीस मिनिटं, आणि ते काय म्हणाले तेसुद्धा. न लिहिण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण हात सरावाने चालत गेला.

पुढचे दिवस बरे गेले. निदान ते तसं म्हणत होते.

एकतीस तारखेला लेक आली. घड्याळ हातात घेऊन वर दारात उभी राहिली. भावोजींनी दाढी केली होती, कोट घातला होता. एकटेच उतरले. आम्ही दोघी कठड्यावरून वाकून त्यांच्या टोपीकडे बघत होतो. ती वळत वळत लहान झाली. खालून फाटकाची कडी वाजली. मग चढण सुरू झाली. पहिला मजला. दुसरा. "तिसरा मजला! दातांचे डॉक्टर, विमा..." आवाजात दम नव्हता, पण आरोळी पूर्ण झाली. शिंपीण टाळ्या वाजवत होती. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"एकोणीस मिनिटं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तुम्ही तर कमालच केलीत."

"मग? कुठला मजला?"

"चौथा," ती म्हणाली. "चौथाच. राहा."

इथे थांबले असते तर! पण मला राहवलं नाही. एकोणपन्नास दिवसांची मेहनत तिला दिसावी, असं मला वाटलं. बापाने काय केलंय ते लेकीला कळायला नको? मी आत गेले आणि वही आणली. "हे बघ, एक दिवस चुकलेला नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती बोटाने ओळी धरून वाचत गेली. छत्रीपाशी हसली. आरोळीपाशी हसली. मग पान उलटलं आणि बोट थांबलं. मला तारीख आठवली ती तेव्हा.

तिने ते पान दोनदा वाचलं. आता ती लेक राहिली नव्हती, नर्स झाली होती. वडिलांचं मनगट धरून तिने नाडी मोजली. मग माझ्याकडे वळली.

"नऊ दिवस, काकू! नऊ दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि आज तुम्ही त्यांना चढू दिलंत?"

भावोजी कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार लावायच्या आधी बघायचं असतं, वहिनी, कुणाचा हात मध्ये आहे का."

ते वाक्य आठ सेकंदांचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने डॉक्टरांना वरच आणलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. औषधं चालू, जिना कायमचा बंद. डॉक्टर जाताना मला म्हणाले, "वेळेवर कळलं." लेकीनेही जिन्यात माझा हात दाबला आणि काल आवाज चढवल्याबद्दल माफी मागितली. दोघांचंही मी लिहून ठेवलं. त्याने बरं वाटलं नाही.

तीन फेब्रुवारीला भावोजींना त्या तळमजल्यावरच्या खोलीत न्यायला हॉस्पिटलची दोन माणसं खुर्ची घेऊन आली. त्यांना खुर्ची उलटी, पाठ पुढे करून उतरवायची होती. तशी ती सोपी जाते म्हणे. भावोजी म्हणाले, "मी आयुष्यात कुठल्याही मजल्यावर पाठमोरा उतरलेलो नाही." वाद झाला. शेवटी त्यांनी खुर्ची फिरवली. मी कठड्याशी उभी होते. प्रत्येक मजल्यावर कान देऊन ऐकत होते. शिंपिणीचं दार उघडल्याचा आवाज आला. आरोळी आली नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी खोलीत बारा अंश. भावोजी १०.४० ला गेले. ऊन ११.०५ ते १२.१०. एकटीने दोन मजले उतरून चढले. शिंपिणीची खुर्ची परत केली. भावोजींनी लेकीच्या हाती रबरी पिशवी परत पाठवली. संध्याकाळी भरून पाहिली, बुचापाशी गळते. नवीन वायसर आणायला हवा.