साळिंदर गप्प झालं तेव्हा

साळिंदर गुरगुरतं हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तोवर मी त्याचे नुसते काटे पाहिले होते, पपईच्या बुंध्याशी गळून पडलेले. तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत. त्या वर्षी पपई जोरात होती आणि रोज सकाळी एखादं झाड आडवं झालेलं दिसायचं, बुंधा खालून कुरतडलेला, वर हिरवी फळं तशीच लगडलेली. आमचे हे बांधावर उभे राहून शिव्या घालायचे. साळिंदर त्या शिव्यांना काही भीक घालत नव्हतं.

एकदा तिन्हीसांजेला मी मोटर बंद करायला गेले आणि ते समोरच आलं. आधी खळखळ ऐकू आली, पोरांच्या खुळखुळ्यासारखी. मग काट्यावर काटा घासल्याचा सरसराट. मग ते पाय आपटायला लागलं. एवढंसं जनावर, पण तोरा असा, की बांध त्याच्याच बापाचा. माझ्याबरोबर आमची तांबडी कुत्री होती. ती भुंकत पुढे सरकली तसं ते घशातून गुरगुरलं. मी कुत्रीला मानेला धरून मागे ओढलं. भीती वाटली ती तिच्यासाठी. आईविना सापडलेलं ते पिल्लू मी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. पोरं कामाला सुरतेला गेल्यापासून मी बोलले की मान वर करून ऐकणारी घरात ती एकटीच. आमचे हे ऐकत नाहीत, हुकूम सोडतात.

थोरल्या दिरांनी नाल्याच्या दरडीत बीळ शोधून काढलं. साळिंदर मारणं गुन्हा आहे हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून गाव शेतात यायच्या आत काम उरकायचं ठरलं. औषधही ठरलेलं. आमच्या भागात घुशींवर मिरचीच चालते. बिळाच्या तोंडाशी निखाऱ्यांचं घमेलं ठेवायचं, त्यावर मिरची वाळवायच्या पथारीवरून आणलेली देठं आणि चुरा टाकायचा आणि सुपाने धूर आत लोटायचा. घूस आत खोकते. खोकला थांबला की घूस मेली, खुशाल हात घाला. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा हा नियम, आणि तो कधी चुकला नव्हता.

धूर आत गेला. साळिंदर शिंकलं, खोकलं, खळखळलं. आत कोणी मुसळ घालतंय असे पाय आपटले. आमच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकदम सगळे आवाज बंद झाले.

"गया!" थोरले दीर म्हणाले. "मिरचीपुढे कोन टिकस?"

"थांबा जरासं," मी म्हटलं. "कुत्रीले नका सोडू."

"तुले काय समजस?" हे माझ्यावर खेकसले. "खोकला बंद झाया. सोड तिले, वढीसन बाहेर आनी ती."

त्यांनी माझ्या हातातली दोरी हिसकावली. कुत्री कमरेपर्यंत आत शिरली आणि जशी किंचाळली, तशी कुत्री किंचाळते हे मला माहीत नव्हतं. साळिंदर मेलं नव्हतं. पाठ बिळाच्या तोंडाकडे करून, काटे उभारून ते बसलं होतं.

ती मागे कोसळली. तोंड, मान, छाती काट्यांनी भरलेली. तिच्या मागोमाग ते उलट्या पावली बाहेर आलं ते थेट थोरल्या दिरांच्या नडगीवर. ते बोंबलत आडवे झाले. ह्यांनी पहार घातली, ती काट्यांवरून घसरली. दुसऱ्या घावाला कणा मोडला. मागचा भाग लोळागोळा झाला तरी शेपटी खळखळत होती. "मारा!" मी ओरडत होते. "अजून मारा!" मला जराही दया आली नाही. त्याचं डोकं चेचलं तेव्हा कुठे ती शेपटी थांबली.

मी कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोटरीजवळची पक्कड मागवली. छातीतले काटे निघाले. एक जबड्याखालून घशात गेला होता आणि तिच्या श्वासाबरोबर हलत होता. तो ओढला तेव्हा तिने माझा हात धरला, दात हाडापर्यंत गेले. मी हात सोडवून घेतला नाही. ओरडलेही नाही, तिला घाबरवायचं नव्हतं. रक्त माझं किती, तिचं किती ते कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिचा जबडा आपोआप सैल झाला, श्वास थांबला होता.

"चाल, इंजेक्शन घ्यायला पाहिजे," हे म्हणाले. मोटरसायकलवर मी त्यांना हात लावला नाही, मागची कडी धरून बसले.

तळोद्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी जखम साबणाने धुतली. विचारलं, "कुत्रं भटकं की पाळलेलं?"

हे काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मन्ही शे, पाळेल."

"मग बांधून ठेवा तिला," त्या म्हणाल्या. "दहा दिवस लक्ष द्या, मरते का बघा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. "बरं," मी म्हटलं आणि दंड पुढे केला.