पुढील ठिकाणाच्या रकान्यातली रेघ

आमच्या घरात बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारत नाहीत. विचारलं किंवा आधी सांगितलं की काम फिसकटतं, असा समज. वडील दाभोळहून होडी घेऊन निघत तेव्हा आई फक्त ‘लांब काय?’ एवढंच म्हणे, आणि ते ‘येतो’ म्हणून उतरणीला लागत. मी आमच्यातली पहिली पदवीधर. एम.ए. केलं, सेटची परीक्षा पास झाले, रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात सहा वर्षं करारावर मराठी शिकवलं. तरी हा समज माझ्यातून गेला नाही.

करार संपत आला तेव्हा घाटावरच्या एका महाविद्यालयात माझी निवड झाल्याचं फोनवर कळलं. ‘नेमणुकीचं पत्र चार-पाच दिवसांत मेलवर येईल, आल्यापासून आठ दिवसांत होकार कळवा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलवू,’ असं तिथल्या बाईंनी सांगितलं. अर्जात मी मेल दिला होता तो आमच्या कॉलेजचा. आधी माझं नाव, मग कॉलेजचं. हा पत्ता मिळाला त्या दिवशी मी तो कागदावर लिहून घरी नेला होता. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी तो कागद होडीच्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून दिला.

शेवटच्या दिवशी नो ड्यूजचा, म्हणजे कॉलेजचं काही देणं उरलं नाही याचा, फॉर्म भरला. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. खाली एक रकाना होता: ‘पुढील ठिकाण व खाजगी ईमेल’. पत्र हातात नव्हतं. ठिकाण लिहिलं आणि ते फिसकटलं तर? मी तिथे एक रेघ ओढली.

चौथ्या दिवशी सकाळी मेल उघडायला गेले, तर ‘हे खाते बंद करण्यात आले आहे’. तीनदा पासवर्ड घातला. आठातले किती दिवस उरले हेही मला ठाऊक नव्हतं, कारण पत्र आलं की नाही हेच माहीत नव्हतं.

रिक्षाने कॉलेज गाठलं. ज्या फाटकातून सहा वर्षं सरळ आत जात होते तिथे शिपायाने वहीत नाव लिहायला लावलं. त्याचा दोष नव्हता.

कार्यालयातले हेडक्लार्क, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी माझा फॉर्म काढला.

“मॅडम, ही रेघ तुमचीच ना? ज्याने पुढचं ठिकाण लिहिलं त्याचं खातं दोन महिने चालू राहतं. रेघ म्हणजे माणूस घरी बसला. त्याचं त्याच दिवशी बंद.”

“मला माहीत नव्हतं, भाऊ.”

“मराठीच्या मॅडम तुम्ही. रेघेचा अर्थ तुम्ही आम्हाला सांगायचा. ठिकाण लिहा, सोबत नेमणुकीचं पत्र जोडा, चालू करतो.”

“पत्र त्या मेलमध्येच आहे.”

भाऊंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.” मग आवाज खाली आणला. “बरं, पत्राचं राहू दे. ठिकाण तरी लिहा.”

मला ते लिहवेना. रकान्यावर पेन टेकून मी कितीतरी वेळ तशीच उभी. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “लिहा हो, आम्ही बघत नाही,” आणि खरंच त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी गावाचं नाव लिहिलं. अक्षर इतकं बारीक आलं की भाऊंनी कागद उजेडात धरला.

अर्ध्या तासाने खातं उघडलं. आत शेवटच्या दिवसापर्यंतचे मेल होते. त्यानंतर काही नाही.

“बंद असताना आलेलं परत जातं, मॅडम. पाठवणाऱ्याला वाटतं, असा कोणी माणूसच नाही,” भाऊ म्हणाले. “फोन करा की त्यांना.”

मला हे सुचलंच नव्हतं. मोठ्या ठिकाणी आपण होऊन फोन करायचा नसतो, बोलावलं की जायचं, असंच मी समजत आले होते. भाऊंनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मी मोबाइलमधला नंबर बघून लावला. पलीकडे निवड कळवणाऱ्या त्याच बाई होत्या.

“अहो, तुमचं पत्र दोनदा परत आलं, फोनही लागेना. तुम्हाला यायचं नाही असं समजून आज दुपारी दुसऱ्यांना पाठवणार होतो. दुसरा मेल आहे का?”

मी माझ्या खाजगी मेलचं एकेक अक्षर सांगितलं. पत्र आलं. होकार तिथेच उभ्याने पाठवला, आणि पोहोचल्याचं उत्तर येईपर्यंत खुर्चीवर बसले नाही. साडेअकरा वाजले होते. दुपार व्हायला कितीसा वेळ होता!

संध्याकाळी वडिलांना फोन केला. नोकरी लागली एवढंच म्हटलं.

“लांब हाय काय गो, बाय?”

“हो, बाबा. लांब आहे.”

मग त्यांनी न विचारताच मी गावाचं नाव सांगितलं. आणि होडीच्या पिशवीतला मेलचा तो कागद आता काढून टाका, नव्या कॉलेजचा पत्ता लिहून आणते, असंही सांगितलं. ते म्हणाले, “ऱ्हाव दे तो. नवा त्याच्या वर ठेवू.”