ढगाचा घाम आणि सोन्याच्या कड्या

त्याला सगळे ढग म्हणत, कारण भर थंडीतही गडी घामाने निथळायचा. प्रयोगशाळेत त्याचं काम एकच. नखाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ फिल्म चिमट्याने उचलायची आणि कोरड्या हवेच्या पेटीत बसवायची. फिल्मवर डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या कड्यांची नक्षी. टेराहर्ट्झ नावाच्या लहरी आल्या, की कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, हे ती नक्षी ठरवणार. अगदी घरातल्या थोरल्या जावेसारखं! पण या लहरींना पाण्याचं भारी वावडं. हवेत जरा दमटपणा आला की त्या वाटेतच गडप होत आणि आलेखात खड्डे पडत.

म्हणून तिथली रीतच अशी, की पेटीचं झाकण उघडलं की सगळ्यांनी श्वास रोखायचा. ढग पडला निगुतीचा माणूस, बसवणार सावकाश. तोवर मंडळी लालबुंद! फिल्म बसली रे बसली की सगळे मिळून थेट पेटीवरच "हुश्श!" करत, आणि मग झाकण लागे. आलेखात खड्डे.

"हा तुमचाच घाम," मोठ्या मॅडम एकदा कडाडल्या. "उद्यापासून गोदामात बसायचं."

ढगाने चिमटा पुसून जागेवर ठेवला. गोदामात खोकी उचलायची, चिमटा कायमचा सुटला.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः बसल्या. दोन फिल्मा फाटल्या, तिसरी कशीबशी बसली. हुश्श! खड्डे.

"ढग कुठाय?"

"गोदामात, मॅडम."

"भिंतीपलीकडून एवढा प्रताप? फाटकावर पाठवा त्यांना!"

फाटकावर पाठवला, तरी खड्डे. घरी धाडला, तरी खड्डे जागच्या जागी, आणि फाटक्या फिल्मांचा ढीग मात्र वाढलेला. शेवटी मॅडमनी त्याच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"काय करतायत ते?"

"आंघोळ."

"तरीच!" मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, न्या त्यांना परत. सकाळपासून माझी पातेल्यावरची झाकणं चिमट्याने उचलतायत!"

मॅडम विचारात पडल्या. इतक्या लांबून जर हा माणूस खड्डे पाडतो, तर त्याला लांब ठेवून फायदा काय?

"पाठवा," त्या म्हणाल्या. "इथे बसले तर निदान डोळ्यांसमोर तरी राहतील. आणि फिल्मा त्यांनाच बसवू दे. माझ्याकडच्या संपत आल्या."

फोन ठेवून बायको वळली, तर टॉवेल गुंडाळलेला ढग ओलाचिंब न्हाणीच्या दारात उभा. "बोलावलंय?"

"बोलावलंय," बायको म्हणाली. "अहो, कुठे निघालात? आधी शर्ट तरी घाला!"