अक्कांच्या मुलाखतीतली एक्केचाळीस सेकंदं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं, की पहिली खिल्ली मीच उडवतो. म्हणून हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय...

मी मूळचा बेळगावचा, नोकरी बेंगळुरूत, बेळ्ळंदूरला. रविवारी शहरातल्या जुन्या मराठी घरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर घेतो. त्या दिवशी बसवनगुडीत होतो — पहिला मजला, सकाळचे अकरा. समोर ऐंशीच्या अक्का, आत स्वयंपाकघरात त्यांची सून, वंदनावहिनी.

अक्कांचा मुलगा रवी नऊ वर्षांपूर्वी बाइकच्या अपघातात गेला. 'अंगात ताप असताना बायकोनं बळंच कामाला धाडलं' — हे अख्ख्या भावकीला ठाऊक. सांगणाऱ्या अक्काच. नणंदा वहिनींशी आजही धड बोलत नाहीत.

"कुणाची आठवण येते, अक्का?"

"रवीची."

इथं आमची एक युक्ती असते. लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, गप्प बसायचं. माणूस आपणहून बोलतो.

अक्का बोलल्या. पण माझ्याशी नाही! शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाल्या, "मीच धाडलं रे तुला. वंदना नको नको म्हणत होती, स्वल्प थांबा म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

वहिनी दारात उभ्या. हात कणकेचे, नजर अक्कांवर.

"काय म्हणालात, अक्का?" मी विचारलं.

"मी? तू गप्प बसलास, म्हणून मीपण बसले की."

निघताना वहिनींनी जिन्यात गाठलं. "अण्णा, तेवढं मला पाठवा. नणंदांना एकदा ऐकवते. एकदाच."

घरी येऊन क्लिप लावली, मग मागं नेऊन पुन्हा लावली. 'रवीची' म्हटल्यावर एक्केचाळीस सेकंदं अक्का सरळ लेन्समध्ये बघतायत. ओठ मिटलेले! दोन माइक होते. दोन्हींवर कुकरची शिट्टी आहे, खालच्या रिक्षाचा हॉर्न आहे... अक्कांचा आवाज नाही. साउंडवाल्या मित्रानं फाइल तपासली. कुठंही काही कापलेलं नाही म्हणाला.

अक्का विसरल्या असतील, मान्य. पण कॅमेरा? आणि ऐकलं तर होतं, मी आणि वहिनींनी, दोघांनीही. याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या फोनवर खूप रडल्या. वाईट वाटलं हो मला, फार वाईट. आता अधूनमधून त्यांचा फोन येतो. एकच विचारतात — "अण्णा, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, वहिनी."

परवा मात्र हे उत्तर द्यायला मला क्षणभर उशीर झाला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.