आईच्या दारावरची बेल

ऑफिसात डबे उघडले की माझ्या मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात, "सुमन, बेल काय म्हणतेय?" भाजी कुणी काय आणली ते नंतर. आमच्या आईच्या दारावर एक कॅमेऱ्याची बेल बसवली, त्याला आता चार महिने होतील. वस्तू तळहाताएवढी, पण किस्से इतके साठलेत की डबा संपतो आणि बेल शिल्लक राहते. म्हटलं, एकदा ओळीनं सांगूनच टाकावं.

*

आई पलूसजवळच्या गावात एकटी राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, वडील जाऊन सहा वर्षं झाली. मी साताऱ्याला, आणि धाकटा भाऊ दत्तू फौजेत सुभेदार, सध्या पार वर उत्तरेत.

झालं असं की भरदुपारी गल्लीत दोघंजण आले. "दागिने पॉलिश करून देतो" म्हणाले आणि शेजारच्या शालन काकूंच्या पाटल्या घेऊन पसार झाले. ही बातमी दत्तूला कळली आणि तिकडून ऑर्डर सुटली, "ताई, आईला साताऱ्याला घेऊन जा. गाव बंद."

मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? रोज संध्याकाळी आईनं फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. मी गावी गेले, समजूत घातली, रडून पण पाहिलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी यायची न्हाई. हितं माझ्या दारात माणूस येतंय. तुज्याकडं लिफ्ट येती."

शेवटी दत्तूनं फोनवर तह केला. दारावर कॅमेऱ्याची बेल बसवायची. कोण आलं ते आम्हा दोघांना मोबाईलवर दिसेल. चार महिन्यांनी तो सुट्टीवर येईल, तेव्हा बघेल. मनासारखं वाटलं तर आई गावात, नाहीतर सरळ साताऱ्याला.

"घंटीच लावायची न्हवं?" आई म्हणाली. "लाव. दोन लाव."

*

खरेदीला आई स्वतः सांगलीला आली. "ऱ्हायचं मला हाय, मग बघणार बी मीच."

दुकानातला सेल्समन हुशार होता. त्यानं पाच-सहा मॉडेल काउंटरवर मांडली. हे वायरचं, हे बॅटरीचं, ह्यात अंधारात दिसतं, ह्यात बोलता येतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आजी, हे मॉडेल माणसं ओळखतंय. घरचा कोण, बाहेरचा कोण, आपोआप सांगतंय."

"ते माज्याकडं हाय," आई म्हणाली. "फुडचं दाव."

त्यानं एक बेल चालू करून दाराला टेकवली आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. स्क्रीनवर त्याचं नाक भोपळ्याएवढं आणि पाय काडीएवढे दिसायला लागले. आईनं निरखून बघितलं. मग त्याला म्हणाली, "आता पाठ कर."

त्यानं पाठ केली.

"आता जा तसाच."

तो बिचारा तसाच दहा पावलं चालत गेला. आई माझ्याकडं वळून म्हणाली, "सांग आता, ह्याला कसा वळकायचा? चोर काय जाताना तोंड दावून जातोय व्हय?"

सेल्समन परत येऊन म्हणाला, "आजी, येताना तरी तोंड पुढंच असतंय की." हे मात्र आईला पटलं. गावात लाईटीचा भरवसा नाही म्हणून बॅटरीचं मॉडेल घ्यायचं ठरलं. घरी इंटरनेट असेल तरच हे चालणार, हे आम्हाला पिशवी हातात आल्यावर कळलं. तेही घेतलं. निघताना आईनं त्या सेल्समनला गावचा पत्ता दिला आणि सांगितलं, "कवा आलास तर ये. घंटी दाबून ये."

*

बसवायला आले सलीमभाई. पलूसच्या बाजूला वायरिंग म्हटलं की लोक त्यांनाच बोलावतात. आमच्या घराचं वायरिंग त्यांच्या वडिलांनी केलेलं, त्यामुळे ते आईला मावशी म्हणतात आणि आई त्यांच्यावर हक्कानं ओरडते.

सलीमभाईंनी चौकटीला ड्रिल लावलं आणि आई आडवी आली. "चौकटीला भोक पाडायचं न्हाई. दर सणाला हळदकुंकू लावती मी तिला."

सलीमभाई भला माणूस. त्यांनी वाद घातला नाही. दोन स्क्रू मारून बेल सरळ दाराच्या फळीवरच बसवली. आम्ही तिघांनी दार लावून बेल दाबून पाहिली. मस्त वाजली, दत्तूला तिकडं आम्ही तिघं दिसलो, सलीमभाई चहा पिऊन गेले.

आता आमच्या आईची गोष्ट अशी, की तिनं उमेदीची वीस वर्षं कोयनानगरच्या कॉलनीत काढली. वडील धरणावर नोकरीला. जमीन हलली की मुलं उचलून बाहेर पळायचं, त्यामुळे दार दिवसभर सताड उघडं, ही तिची तेव्हापासूनची सवय. आणि आमचं दार उघडतं आत. पूर्ण उघडलं की भिंतीला टेकतं आणि बाहेरची बाजू येते घरात!

म्हणजे रस्त्यावर नजर ठेवायला आणलेला कॅमेरा पहाटे साडेपाचपासून आईच्या स्वयंपाकघराकडं तोंड करून बसला. आई ओट्याशी गेली की आम्हा दोघांचे मोबाईल वाजायचे. आई हंड्याशी गेली की वाजायचे. दुसऱ्या दिवशी दत्तूचा फोन आला. आवाज एकदम गंभीर.

"ताई, चोर सापडला."

"कोण रे?"

"व्हिडिओ बघ. डॉक्टरांनी गूळ बंद केलाय ना? चहात खडा टाकतोय, आणि वर एक तोंडात."

मी थांब म्हणायच्या आत त्यानं बेलमधूनच आवाज दिला, "आई, गूळ खाली ठेव."

आईनं दाराकडं बघितलं. गूळ खाली ठेवला नाही. सावकाश चघळून संपवला आणि म्हणाली, "दारानं मला शिकवायचं न्हाई."

सलीमभाई परत आले आणि बेल चौकटीशेजारच्या भिंतीत गेली. भिंतीबद्दल आईची तक्रार नव्हती. "तिला कोण कुंकू लावतंय?" म्हणाली. जाता जाता सलीमभाईंनी मुद्द्याचं सांगितलं, "मावशी, दार उघडं असलं तर बेल दाबंल कोण?" तेव्हापासून दुपारी बारा ते चार दार लावायचं ठरलं. ही बारा ते चारची वेळ आईनं स्वतः दिली, आणि एकदा शब्द दिला की ती मागं फिरत नाही.

*

पण गावात बेल दाबतं कोण? माणूस अंगणातून हाक मारतो, "आवं काकू, हायसा का?" आणि 'का' म्हणेपर्यंत त्याचा पाय आत असतो.

आईनं मनावर घेतलं. आत आलेल्या माणसाला ती परत बाहेर पाठवायला लागली. शालन काकू कोथिंबीर मागायला आल्या, त्यांना पाठवलं. दूधवाल्याला भरल्या किटलीसकट पाठवलं. "जा. दाब. मग ये." आठ दिवसांत सगळी गल्ली सरळ झाली.

राहिले समोरचे तात्या. वय ऐंशी, आईपेक्षा हट्टी. "चाळीस वर्सं हाक मारतुया मी ह्या दाराला," म्हणाले.

"मारा की," आई म्हणाली. "पर तुमच्या हाकंला कॅमेरा न्हाई."

तात्यांनी नाइलाजानं बेल दाबली. नेमका तेव्हा दत्तू मोकळा होता. भिंतीतून खणखणीत आवाज आला, "रामराम तात्या! या आत."

तात्यांनी टोपी सरळ केली, दोन्ही हात जोडले आणि मगच उंबरा ओलांडला. घरचा मालक बोलला म्हटल्यावर प्रश्न मिटला. पण त्या दिवसापासून दत्तूनं 'या' म्हटल्याशिवाय तात्या आत येईनात! एकदा दत्तू ड्युटीवर होता आणि तात्या उन्हात अर्धा तास उभे. आई आतून ओरडतेय, "आवं या की आत, च्या निवला."

"तुमी मदी बोलू नगासा," तात्या म्हणाले. "सुभेदाराला येऊ दे."

*

ह्या बेलचा एक उपयोग कंपनीलाही माहीत नसेल. आई फोन करायची तेव्हा दत्तू उचलायचा नाही. कामात असायचा, राहून जायचं, मग दोन-दोन दिवस जायचे. बेल वाजली की मात्र, ड्युटीची वेळ सोडली तर, तो असेल तिथून मिनिटात बघायचा.

आईच्या हे लक्षात आलं. एके दिवशी मी साताऱ्यात भाजी घेत होते, मोबाईल वाजला, दारात कुणीतरी उभं आहे. घाबरून उघडलं तर आई. स्वतःच्याच दारात, पदर डोक्यावरून घेऊन, कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर.

दत्तूचा आवाज आला, "आई? काय झालं? कोण आलंय?"

"कोण न्हाई. मीच आलीया," आई म्हणाली. "जेवलास का?"

मी भाजीवाल्यासमोर उभी राहून रडले. त्यानं वांगी परत मोजली, त्याला वाटलं मापावरून काही झालं.

*

आणि मग ते आले. भरदुपारी, दोघंजण, खांद्याला पिशवी. मी ऑफिसात होते, दत्तू ड्युटीवर. मोबाईलमध्ये त्यांची भोपळ्याएवढी नाकं बघितली. बोलायचं बटण दाबायलाही सुचेना.

"आजी, दागिने पॉलिश करायचेत का? सोनं एकदम नव्यासारखं."

आतून, बंद दाराआडून आईचा आवाज आला. इतका गोड आवाज तिनं आम्हा मुलांसाठी कधी काढला नव्हता. "करायच्यात की रं बाळांनो. पाटल्या हायत, मोहनमाळ हाय. पर तुमचं काम कसं हाय, मला काय ठावं? त्यो वट्यावर तांब्याचा हंडा हाय बगा. आदी त्यो उजळून दावा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बसले. पिशवीतून पावडर काढली आणि लागले हंडा घासायला. आई आतून सूचना देत होती, "बुडाला राहिलं बगा. काठाला बी मारा." आणि मधल्या वेळात तिनं मोबाईलवरून तात्यांना कळवलं, तात्यांनी गल्लीला.

हंडा उजळला आणि दोघांनी मान वर केली, तर समोर अंगणात पंधरा-वीस माणसं. सगळ्यात पुढं तात्या, हातात काठी. एकानं मागच्या बाजूला उडी मारली, तो सापडला नाही. दुसरा उसाच्या कडेला धरला आणि पोलिसांच्या ताब्यात दिला. बेलमधला व्हिडिओही पोलिसांना दिला. शालन काकूंच्या पाटल्यांचा अजून तपास चालू आहे.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "हंडा लय झ्याक केला गं त्येंनी. कामाची माणसं हुती, उगं चोऱ्या करत्यात."

मला वाटलं, आता दत्तू खूश होईल. झालं उलटंच. "बघितलंस ना? आले की नाही?" तो फोनवर भडकला. "मी होतो का तिथं? तू होतीस का? दोघांऐवजी चौघं असते तर? बास झालं. मी सुट्टीवर येतोय, तिला घेऊनच साताऱ्याला येतो. तिला बॅग भरून ठेवायला सांग."

चुकीचं काय बोलला? मलाही त्या रात्री झोप लागली नव्हती. मी आईला निरोप दिला. 'आले की नाही' हेसुद्धा सांगितलं.

"आले," आई म्हणाली. "गेले बी."

बॅग तिनं भरली नाही.

*

गेल्या सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराला माझा मोबाईल वाजला. उघडला. दारात दत्तू. साध्या कपड्यात, पाठीवर फौजेची मोठी सॅक, दोन दिवसांच्या प्रवासानं चेहरा काळवंडलेला. माझ्या शेजारच्या टेबलांवरच्या तिघी खुर्च्या ओढून आल्या.

आतून आवाज आला, "कोण हाय?"

"मी हाय आई. दत्तू."

"काय काम हाय?"

"काम?" दत्तू हसला. "अगं, घरला आलोय."

"ऱ्हायला आलायस का मला न्ह्यायला?"

दत्तूचं हसू गेलं. त्यानं मागं वळून बघितलं. तात्या त्यांच्या ओट्यावर येऊन बसले होते. शालन काकू दारात होत्या. त्यानं सॅक ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, मग बेलच्या अगदी जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तू बघतीयास ना? सांग की तिला जरा."

मी बटण दाबलं. चार महिने ह्याच दिवसाची वाट बघत होते मी. आई माझ्याकडं येईल, माझी काळजी मिटेल, एवढंच मला पाहिजे होतं. तरी माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"तिनं तुला विचारलंय, दत्तू."

त्यानं एकदा बंद दाराकडं बघितलं. मग सॅक उतरवून ओट्यावर ठेवली. तिथंच टेकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही भिंतीला लावून ठेवले.

"ऱ्हायला आलोय," तो म्हणाला.

"मग ये की," आतून आई म्हणाली. "दार नुसतं लोटलंय. ढकल."